दार उघडेपर्यंत

वसतिगृह आठला उघडतं. आत्ता पावणेपाच.
ट्रंक ठेव माझ्या चौकीत. हा माठ, हे भांडं,
आधी पाणी पी.
तमालेहून आक्रापर्यंत रात्रभर बसमध्ये? एकटी?
मग आता झोप काही येणार नाही तुला.
चल, फिरवतो. मी सेन्यो, मुलं एफो म्हणतात.
नकाशा राहू दे खिशात, वुनपिनी.
त्यात इमारती आहेत फक्त,
त्याही दिवसाच्या.

हे ग्रंथालय. पाहुणे येतात ते पुढच्या खांबांपाशी फोटो काढून जातात.
तू मागं ये, तळ्याकडं.
परीक्षेच्या महिन्यात हे मासे इतके माजतात
की पावाकडं ढुंकून बघत नाहीत.
मुलं काठावर बसून त्यांना सगळं सांगतात :
सूत्रं, सनावळ्या, आईचं दुखणं.
कायद्याच्या एका पोरानं अख्खा खटला लढवला इथं रात्री दोनला.
मी न्यायाधीश, माझी टॉर्च साक्षीदार.
हरला.
आता मोठा वकील आहे म्हणतात, मला काही पटत नाही.

मनोऱ्याला घड्याळाची चार तोंडं, चार वेळा.
उशीर झालाच कधी
तर पूर्वेकडून येत जा, तिकडं अजून वीस मिनिटं शिल्लक असतात.

ही निकालाची पाटी.
काचेवर बोटांचे ठसे बघ, पुसून पुसून हात दुखतात.
पण पाटीमागची ही बोळ ध्यानात ठेव.
रडायला बरी आहे.
नळही आहे.

हळू. इथं गवतात दगड आहेत.
तो पायांवर उभा पांढरा पेटारा, झडपांचा,
तो हवामानाचा. आत पारा.
लार्बी मास्तर रोज सहाच्या ठोक्याला येऊन वाचतात,
छत्तीस वर्षं.
बायको गेली त्या सकाळीही आले.
वहीत लिहिलं : चोवीस अंश, वारा नाही.
मी टॉर्च धरली होती. मी काही बोललो नाही,
त्यांनीही मग झडप लावली, आणि गेले.

कडुनिंब ओळखलास? हो, तुमच्या उत्तरेला पुष्कळ.
आणि हा कलकलाट सुगरणींचा.
त्या माडाला एक झावळी धड ठेवली नाही त्यांनी.
वैद्यकीची मुलं शिव्या घालत उठतात,
पण उठतात.

आता शेवटचं एक.
किल्ली माझ्याकडं असते, पण बोलू नकोस कुठं.
शिंक आली तर दाब, इथला कागद फार जुना.
हा खण. ही पानं, सुकवून, दोऱ्यानं कागदाला टाचलेली.
खाली वाच, तुझे डोळे तरुण आहेत :
नदीकाठ, जमिनीपासून ऐंशी फूट,
संकलक डॉक्टर अमुक तमुक.
हं.
डॉक्टरसाहेबांना स्टुलावर चढलं तरी घेरी यायची.
ऐंशी फुटांवर माझा बाप होता.
उतरायला दोन्ही हात लागतात ना,
मग डहाळी दातांत धरून उतरला.
हे बघ, देठापाशी, या दोन खुणा.
इथले लोक म्हणतात कीड.
मी म्हणतो, नीट बघा, वरचा एक दात तिरका होता त्याचा.
म्हणजे, म्हणत नाही मी. मनात.
खण लावून घेतो आणि फेरीवर जातो.

तू काय शिकायला आलीस?
हिशेब?
मग तुला या इमारतीत यायचं कधी कारणच पडणार नाही.
म्हणून तर आत्ता आणलं.

चल, उजाडलं. हज्जा मेमुनाच्या पातेल्याचं झाकण वाजलं.
तिचा वाचे खाऊन सांग, तुमच्याकडचा बरा की हा.
तिच्या रांगेत कुलगुरूंनाही नंबर लावावा लागतो,
आणि आपल्या पुढं आज
फक्त लार्बी मास्तर आहेत.